आणि पाय गरम

"आणि पाय गरम ठेवायचे. पाय गार राहिले तर सूप फुकट," असं मुलीला सांभाळायला येणाऱ्या मावशीने सुपाची कृती सांगताना शेवटी बजावलं होतं. मुलीच्या आईने मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं. कागदावर गाजर, बटाटा, मूठभर डाळ, चिमूटभर जिरं, तीन शिट्ट्या, एवढंच उतरलं. पाय काही सुपात घालायचे नसतात.

कागद फ्रिजवर चुंबकाखाली गेला. रविवारी, मावशीच्या सुट्टीच्या दिवशी, ती स्वतः सूप करायची, गाजर काट्यावर तोलून. रंग तोच, चव तीच. पण मावशीच्या हातचं पिऊन नऊ महिन्यांची मुलगी दुपारी अडीच तास गाढ झोपायची, आणि आईच्या हातचं पिऊन विसाव्या मिनिटाला टक्क जागी. ओळीने चार रविवार हेच. एखाद्याच्या हाताला चव असते, हे तिला मान्य होतं. हाताला गुंगी असते, हे नव्हतं.

नवरा हसला होता. लोकांची पोरं झोपत नाहीत म्हणून लोक रडतात, तू आपली झोपते म्हणून रड, असं म्हणून कूस बदलून घोरायलाही लागला होता. तिला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत राहिलं. मावशीने न सांगता केलेलं एकेक कामही आता तिला खुपायला लागलं होतं. खिडकीच्या फटीत जुन्या चादरीची सुरळी, हीटरवर वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली, डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याला कापडाची झालर. एवढी माया कुणी उगाच लावत नाही.

गुरुवारी ती ऑफिसातून बारालाच निघाली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. दाराबाहेर बूट काढून तिने आवाज न करता किल्ली फिरवली.

मावशी झोपायच्या खोलीत पाठमोरी उभी होती. मुलगी खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले, हनुवटीवर सुपाचा पिवळा ओघळ. मावशीने मोकळा हात रजईखाली घातला आणि लाल लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढून पिशवीत टाकलं. लोकरीतून तपकिरी काचेचं तोंड दिसलं. मग मुलीला अलगद खाली ठेवून रजई ओढली.

"बाटलीत काय आहे?"

मावशी दचकली. "पाणी."

"खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत?"

"गरम पाणी, ताई. मी तुम्हाला सांगितलं होतं की..."

"तुम्ही काय सांगितलं ते सगळं लिहून घेतलंय मी."

पिशवीतून बाटली तिनेच काढली. फोटो काढला आणि इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, पोर कशाने झोपतं ते आज कळलं. तोवर मावशीने पिशवी खांद्याला अडकवली होती. रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. दारात चपला चढवताना मावशीने तिच्या हातातल्या बाटलीवरच्या लाल लोकरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेवढा मोजा..."

पुरावा हवाय परत, तिच्या मनात आलं. तिने बाटली पाठीमागे धरली. मावशी वळली. जिना उतरताना मावशीच्या एका पायात लाल मोजा होता, दुसरा पाय उघडा. हेही तिने हेरलं, आणि तेही तिला संशयास्पदच वाटलं.

दाराला कडी लावून तिने बूच उघडलं. वास नाही. तळहातावर थेंब घेतला. पाणी. बिनवासाचीही औषधं असतात, असं स्वतःला बजावत ती खोलीत धावली आणि मुलीला हलवलं. मुलीने चटकन डोळे उघडले, आईला ओळखून बोळकं पसरलं, आणि पुन्हा झोपून गेली.

रजई सारखी करायला तिने हात पायथ्याशी नेला. चादर उबदार होती. सगळी नाही, बाटलीएवढीच जागा. मुलीचे दोन्ही तळवे तिथे टेकले होते. वीतभर पलीकडे चादर फरशीसारखी गार.

ती फ्रिजपाशी गेली. कागदाच्या तळाशी एका ओळीची जागा कोरी होती.

फोनची टुणटुण थांबत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचीने लिहिलं होतं, आमच्याकडे संध्याकाळी हीच येते, आत्ताच काढून टाकलं. पाचव्या मजल्यावरचीनेही. तिने घाईघाईने लिहिलं की चूक तिची होती, बाटलीत नुसतं पाणी होतं, अंथरूण उबदार करायला. मग एकीने विचारलं, "घाबरवलं का गं तिने तुला?"

मावशीचा फोन बंद. मुलीला शालीत गुंडाळून ती बसथांब्यापर्यंत जाऊन आली. थांब्यावर कुणी नव्हतं. ग्रुपवर आता तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, म्हणून शेवटचं तिने लिहिलं ते जो कुणी वाचेल त्याच्यासाठी.

तुमच्या जिन्यात, थांब्यावर, शेजारच्या दाराशी काम मागताना राखाडी पिशवीवाली पन्नाशीची बाई दिसली, तर तिला आत घ्या. खरंखोटं नंतर विचारा. आधी पाय बघा. एकाच पायात लाल मोजा असेल. दुसरा माझ्या हातात आहे, आणि तो आता गार पडलाय.