खोल नक्षीचे टायर

टायर निवडताना गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, हा माझा नियम. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वीरभद्रप्पा ट्रक घेऊन दुकानावर आला. तो सोलापूरच्या चादरी हैदराबादला न्यायचा, सगळा रस्ता डांबरी. तरी मागच्या चाकांना त्याला चिखलातले, खोल नक्षीचे टायर हवे होते. "अण्णा, डांबरावर हे लगेच झिजतील. बारमाही साधे घ्या की!" मी वैतागलो. तो हटेना. चाक काढताना मडगार्डच्या आतून वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ खाली पडलं. "ही कुठली माती?" मी विचारलं. "मैंदर्गीकडची. गेल्या श्रावणात लेकीला कळा आल्या म्हणून दवाखान्यात आणाया गेलतो. काळ्या रानात ट्रक रुतला. लेक वाचली, बाळ न्हाय." ढेकूळ पायानं सारत तो म्हणाला, "यंदाबी श्रावणातच दिवस भरत्यात तिचे." हातातला साधा टायर मी ढिगावर ठेवला. "मग स्टेपनीपण खोल नक्षीचीच घ्या."