पहिलवानाचा गळा

"आई, याचा वेगाचा स्क्रूच चुकीचा पिळलाय. हे पहिल्यापासून हळू फिरत असणार, म्हणून आवाज जाड यायचा," जुना रेकॉर्ड प्लेयर उघडून बसलेली लेक म्हणाली. तिनं स्क्रू जुळवला आणि माझी लग्नाआधीची एकुलती एक रेकॉर्ड लावली.

कोवळा, स्वच्छ आवाज आला. माझा!

लग्नानंतर आमच्या ह्यांनी हे मशीन जुन्या बाजारातून आणून माझं गाणं लावलं, आणि चारचौघांत खिदळले, "बायकोच्या गळ्यात पहिलवान बसलाय!" मग प्रत्येक पाहुण्यापुढे तेच. मी गाणंच सोडलं. लेकीसाठी अंगाईसुद्धा म्हटली नाही.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "अगं, मशीनच बिघडलेलं होतं. माझा काय दोष?"

मी म्हणाले, "मशीन हळू फिरत होतं, कबूल. पण खिदळत कोण होतं?"