आठ तारा

ऋताने निळ्या केबलचं टोक सोललं. आतल्या आठ तारा रंगांनुसार ओळीत लावल्या, कनेक्टरमध्ये सरकवल्या आणि बाबांच्याच पकडीने दाबल्या. दुसऱ्या टोकाला तिने नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केली. दोन्ही टोकं सारखी ठेवली तर दोन्ही कॉम्प्युटर नुसते बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही, हे बाबांनीच शिकवलेलं.

"झालं का गं?" नंदकिशोरकाकांनी विचारलं.

वाशीच्या या ऑफिसात बाबा बारा वर्षं त्यांच्या हाताखाली नकाशे काढत होते. कामोठ्यात गॅलरी कोसळून दोघं गेले, तेव्हा काकांनी पोलिसांना बाबांचं नाव दिलं, "ड्रॉइंग सुभाषचं." मी आठ सळ्या दाखवल्या होत्या, एवढंच म्हणत बाबा दीड महिन्यात संपले. तेराव्याला आलेले काका जाता जाता म्हणाले होते, "घरी त्याच्या कामाच्या फायली असतील. फ्लॉपीत मावायच्या नाहीत. कॉम्प्युटरच घेऊन ये."

तिने घरून आणलेला बाबांचा कॉम्प्युटर केबलने काकांच्या कॉम्प्युटरला जोडला. "काका, तुमची डिस्क पूर्ण उघडी करावी लागेल."

"कर की. मला त्यातलं काय कळतंय? फायली इकडे आल्या की तिकडच्या पुसून टाक. उगाच घरात टेन्शन नको."

फायली जाऊ लागल्या. काका चहा ओतून घेत होते. ऋताने त्यांच्या डिस्कवरचं कामोठ्याचं ड्रॉइंग आपल्याकडे ओढून घेतलं. उघडलं. गॅलरीला सहा सळ्या. शेवटचा बदल, नऊ फेब्रुवारी, रात्री साडेनऊ.

"काका, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तुम्ही आला होतात ना?"

"म्हणजे काय! त्याच संध्याकाळी. मोसंबी सोलून भरवली मी त्याला. डोळ्यावर पट्टी, उताणा पडून होता बिचारा."

"कुठली तारीख ती?"

"नव फेब्रुवारी," पलीकडच्या टेबलावरून हिरामण ड्राफ्ट्समन म्हणाला. "त्याच दिशी माझे पोरीचा बारसा व्हता, म्हनून मना यायला नाय जमला."

"हिरामणदादा, जरा इकडे या."

हिरामण आला. ऋताने स्क्रीन त्याच्याकडे वळवला आणि बदलाची तारीख-वेळ दाखवली. काकाही कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"हे... हे तुझ्याकडे कसं आलं?"

"केबल दोन्हीकडून चालते, काका."

हिरामणने स्क्रीनवर बोट टेकवून सळ्या मोजल्या. सहाशी थांबला. काकांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पहिलीपासून मोजायला लागला, या वेळी मोठ्याने.