तिशीच्या आत

काट्यावर उभा राहिलेला रणोजीराव खाली बघत नव्हता. तारा बघत होती.

"किती ग, तारे?"

"नव्वद." आवाजात चढ नाही, उतार नाही.

"अय्यो! मागल्या सोमवारीही नव्वदच की!"

ताराची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. धाकट्या बहिणीला आपलं एक द्यायला रणोजीराव एका पायावर तयार होता. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं. अडलं ते बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यावर. देणाऱ्याचा तो तिशीच्या आत हवा, असा इस्पितळाचा नियम. रणोजीरावाचा बत्तीस. डॉ. वर्षिणींनी वजन उतरवायला तीन महिने दिले होते.

तेव्हापासून नजरबाद मोहल्ल्यातलं आपलं शिलाईचं दुकान उघडण्याआधी तो गरडीत, म्हणजे तालमीत, दोन तास घाम गाळी. त्याचं जेवण ताराने हाती घेतलं. भात बंद, गोड बंद. दोन्ही वेळा नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा मऊ गोळा, आणि पालेभाजीचं सारू, म्हणजे पातळ कालवण.

"आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनवर पडून येतेस, आणि वर चुलीपाशी? तुझी वहिनी करील की."

"नको. मीच करते, अण्णा."

आताशा तिला कशाचंच काही वाटत नसे. एकादशीला देवळात कीर्तन असं रंगलं, की बुवांनी विठ्ठलनामाचा गजर उचलला आणि अख्खी सभा डोलू लागली. तारा मात्र खांबाला टेकून बसली, परक्यासारखी.

"तुझ्या मुद्द्याला चव आहे बघ," रणोजीराव एकदा म्हणाला.

"मुद्दा चावायचा असतो होय? गीळ गुमान."

"आत्या अप्पांना रागावली!" सहा वर्षांची गुंजन बापाच्या पाठीवर लोंबकळत खिदळली. तारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

तीन महिने सरले. इस्पितळातला काटा ब्याण्णव म्हणाला.

"मीच करंटा," रणोजीराव खाली मान घालून म्हणाला.



"पण विजार एवढी ढिली कशी?" डॉ. वर्षिणींनी विचारलं.

"कमरेत दोन इंच उतरलो, मॅडम. छातीत मात्र शर्ट उसवतात. शिंपीच मी, मला कळतं ना."

डॉक्टरांनी त्याची कमर मोजली, चरबीची तपासणी करवली, कागद समितीकडे पाठवले. चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

"चरबी किती आणि स्नायू किती, हे बीएमआयला कळत नाही," त्या हसून म्हणाल्या. "यांचं वाढलेलं वजन सगळं स्नायूंचं आहे. साखर, रक्तदाब उत्तम. समितीने खास मंजुरी दिलीय. गुरुवारी ऑपरेशन. तारा, काय खायला घालत होता हो यांना?"

"मुद्दा."

रणोजीराव आनंदाने लहान मुलासारखा रडत होता.

परतताना तो पेढे घ्यायला थांबला. तारा एकटीच देवळात गेली. विठ्ठलासमोर हात जोडायचंही तिला सुचलं नाही.

"दोन्ही वेळा डावभर तूप मुरवत होते रे त्या मुद्द्यात," ती पुटपुटली, "तरी अण्णाला सुरीखाली जाण्यापासून वाचवता नाही आलं मला."