राहिलेल्या गोळ्या

"गोळ्या एचआयव्हीच्या आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला आणि दोनदा खाकरला.

विषबाधेच्या हेल्पलाइनवर बसून तिनं नाना आवाज ऐकले होते, पण हे खाकरणं घरचं होतं. लहानपणी काही कबूल करायची वेळ आली की तिचा धाकटा भाऊ असाच खाकरायचा.

ओठांवर आलेलं नाव तिनं गिळलं. पोरगा आतल्या गाठीचा. बहीण ऐकतेय हे कळलं तर फोन ठेवेल, पुन्हा उचलायचा नाही. कानाला हेडफोन लावून ती खुर्चीला खिळल्यासारखी बसून राहिली.

"किती घेतल्या?" तिनं परक्या आवाजात विचारलं.

"आठवड्याच्या राहिलेल्या, सगळ्या एकदम. घरी पाहुणे होते हो. खोली एकच, त्यांच्यासमोर डबी काढता येईना. म्हटलं, बुडालेलं भरून काढावं."

पाहुणे. म्हणजे ती आणि तिची दोन मुलं. सुट्टी लागली म्हणून हक्कानं जाऊन राहिली होती. वर निघताना त्यालाच म्हणाली होती, "किती वाळलास रे, खात जा जरा!"

"त्याशिवाय दुसरं काही?"

"रात्रपाळी करून आलो. झोप येईना, म्हणून मित्राची झोपेची गोळी घेतली. मगाशीच." त्याची जीभ जड होत चालली होती.

"दोन्हींची नावं वाचा."

त्यानं अडखळत वाचली. या दोन औषधांचं हाडवैर. एकत्र पोटात गेली की झोप गाढ होत जाते आणि श्वास मंदावत जातो. त्याच्या गोळ्यांना उतारा नाही. दवाखान्यात नेऊन श्वास नि हृदय सांभाळायचं, एवढंच हातात. तिनं भावाचा पत्ता चिठोऱ्यावर खरडून शेजारच्या सहकाऱ्यापुढे सरकवला. त्यानं भुवया उंचावल्या, पण काही न विचारता रुग्णवाहिकेला फोन लावला.

"आडवे होऊ नका. बोटं घालून उलटी काढू नका. दाराची कडी काढा आणि तिथंच भिंतीला टेकून बसा. माझ्याशी बोलत राहा."

कडी सरकल्याचा आवाज आला. मग तो धपकन खाली बसला.

गाडी निघाल्याची खूण सहकाऱ्यानं केली. पण पत्ता न विचारताच गाडी दारात गेली तर त्याला कळणार. आणि तो जागा तर राहायलाच हवा. तिनं आवाज पुन्हा कोरडा केला.

"तुमचा पत्ता सांगा. सावकाश. गाडी पाठवते."

पलीकडे तो दोनदा खाकरला.

"पत्ता तुला माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "तुझा आवाज ओळखला, म्हणून तर फोन ठेवला नाही."