गौरीचं सीताफळ

"गौरी?" हजेरीतून मान वर न काढता व्यंकट सरांनी नाव घेतलं.

दिवाळीपासून या नावाला चौथीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "उसाला गेली, सर!" आजही निम्मी पोरं सवयीनं ओरडली, आणि ओरडता ओरडता दाराकडं बघून गप्प झाली.

"हजर, सर."

उन्हानं रापलेली, केस भुरके झालेली, फ्रॉक गुडघ्याच्या वर चढलेला. ऊसतोडीची टोळी काल दिवस मावळताना गावात उतरली होती.

शिवांजलीनं शेजारच्या जागेवरचं दप्तर आपल्याकडं ओढलं. पाच महिने जिची वाट बघितली, ती आली होती, आणि आता वाटत होतं, अजून दोन दिवस उशिरा आली असती तर!

गौरी शेजारी टेकली. तिच्या कुशीत कोपर खुपसून हळूच म्हणाली, "माझं किती वाढलंय गं? कमरंएवढं झालं आसंल न्हवं?"

"हूं," शिवांजली म्हणाली.

शाळेच्या कुंपणालगत एकेका पोराचं एकेक झाड होतं. रंगाच्या डब्याच्या झाकणावर नाव लिहून तारेनं अडकवलेलं. हापसा आटला की सरांचा नियम लागू व्हायचा: घरून आणलेल्या बाटलीत उरलेलं पाणी परत न्यायचं नाही, शाळा सुटताना आपल्या झाडाला घालायचं. गौरीचं होतं सीताफळ. तिनंच खाल्लेल्या फळाची बी, तिनंच रुजवलेली. उसाला जाताना ते तिनं शिवांजलीच्या हवाली केलं होतं.

शिवांजलीनं पाणी एक दिवस चुकवलं नव्हतं. चुकलं होतं ते वेगळंच. संक्रांतीच्या सुमाराला तिच्या दादांनी गव्हाला युरिया टाकला आणि आठ दिवसांत गहू काळाभोर झाला. ते बघून तिनं मूठभर दाणे खिशातून आणले आणि रोपाच्या बुडाशी ओतले. गौरी यायच्या आत ते उंच व्हावं, एवढंच मनात. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी नुसती काडी राहिली.

मग येडशीच्या मामाकडून तिनं दुसरं रोप आणून त्याच आळ्यात लावलं. मामा म्हणाला होता, "रामफळ हाय बरं का हे." असू दे. लहानपणी कोण ओळखतंय? सरांनीसुद्धा ओळखलं नाही. नाव तेच राहिलं, गौरीचं.

सर फळ्यावर गुणाकार मांडत होते. सकाळची शाळा, तरी नऊलाच पत्रे कडकड वाजायला लागले. शिवांजलीनं पेन्सिलीला टोक केलं, मोडलं, पुन्हा केलं. बाहेर खिचडीचे तांदूळ निवडत धुरपदाबाई आपल्याच नादात गात होत्या,

लेक गेली दूरदेशी, तिची तुळस माझ्या दारी
हिथं ओतिते मी तांब्या, तिथं तहान भागो सारी

ही ओवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सीताफळ जळून चार दिवस झाले होते. त्या दिवसापासून शिवांजली शाळेत पाण्याचा घोट घेत नव्हती. अख्खी बाटली झाडाला.

"सर, एकीला जाऊ?"

ती गेली ती थेट कुंपणाशी. पानं किती लांब दिसत होती आज! लांब, टोकदार, सीताफळाची नसतात तशी. तिनं एक तोडलं. दुसरं तोडलं. तिसऱ्याला हात घातला आणि ते तसंच धरून राहिली.

"का गं बाय, उन्हात कशाला हुबी?" धुरपदाबाई सूप थांबवून म्हणाल्या. "व्हट बघ कसे पांढरे पडलेत. पी जरा पाणी."

"नगं, आजी."

घंटा झाली. पोरं बाटल्या घेऊन उधळली, आणि सगळ्यांच्या पुढं गौरी. आपल्या नावाचं झाकण तिनं आधी हातानं पुसलं. मग वाकून रोपाकडं बघितलं. एक पान बोटावर लांबवलं. उलटं केलं. सुलटं केलं.

"हे माझं न्हाय," ती म्हणाली.

शिवांजलीच्या तोंडात थुंकी नव्हती. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून ती कशीबशी बोलली, "म्या युरिया घातला. मूठभर. बिगी बिगी वाढावं म्हणून."

"मूठभर?" गौरीचे डोळे मोठे झाले. "येवढुशा रोपाला? म्हशीची वैरण हाय व्हय ती!"



गौरीनं पाठ फिरवली. कुंपणाच्या तारेला धरून ती बराच वेळ उभी राहिली. शेजारी पोरं आपापल्या आळ्यात भळाभळा पाणी ओतत होती आणि माती ते ओतल्याजागी पीत होती. शेवटी गौरी वळली, नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"आण बाटली."

हातात घेतल्यावर तिला वजन कळलं. तिनं बाटली उन्हात धरून बघितली. गळ्यापर्यंत भरलेली.

"सकाळधरनं प्यालीच न्हाईस?"

शिवांजलीनं मान हलवली.

"येडी!" गौरीनं झाकण काढलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. "पी आधी."

शिवांजली घटाघटा प्यायला लागली. हुंदका आणि घोट एकदमच आले, पाणी हनुवटीवरून ओघळलं. कोयत्यानं घट्टे पडलेला आपला एक तळवा गौरीनं त्याच्याखाली धरला, भरू दिला, आणि तो रामफळाच्या बुडाशी रिता केला.