रुवैसला जाणारा डबा

शोभनाने आणखी एक केळे परातीत सोलून टाकले आणि काट्याने ठेचावयास घेतले. केळी इतकी पिकली होती की बोटांनी दाबली असती तरी पुरले असते. तरीही ती काटा आपटीतच राहिली. टेबलापाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, दत्तप्रसादांनी, मोबाइलमधून मान वर केली, तिच्या हाताकडे पाहिले आणि मान पुन्हा खाली घातली.

नुकताच कुबराचा फोन येऊन गेला होता. कुबरा ही झुबेरची बायको. झुबेर आणि दत्तप्रसाद रुवैसच्या रिफायनरीत बरोबर कामाला होते, आठवडाभर तिथे एकाच खोलीत राहत होते आणि दर रविवारी संध्याकाळी अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपापल्या घरून एकाच गाडीने तिकडे परतत होते. रत्नागिरीकडची ती मोकळ्या मनाची बाई भरभरून बोलली. वहिनींच्या केळ्याच्या पॅनकेकची कीर्ती तिच्या कानी आली होती. पहिल्याच रात्री खोलीतले सगळे त्या डब्यावर तुटून पडतात, दत्तूभाऊ स्वतः आग्रह करकरून वाढतात आणि त्यांच्या वाट्याला एकही उरत नाही, असे झुबेरने सांगितले होते. एवढ्या दिलदार माणसाच्या बायकोने कृती सांगताना हात आखडता घेऊ नये, असे म्हणून ती हसली. तवा तापला आहे, मागाहून करा, असे सांगून शोभनाने फोन ठेवला होता.

मिक्सरमध्ये दळलेले ओट्स तिने केळ्यांवर लोटले, त्यावर दही आणि दालचिनीची पूड घातली. साखर नाही, मैदा नाही, लोणी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या डॉक्टरांनी दत्तप्रसादांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून तिची प्रत्येक रविवारची सकाळ या तव्यापुढे जात होती. आठवड्याची न्याहारी डब्यात भरून द्यावी आणि माणूस तिकडे नीट खातो आहे या भरवशावर इकडे डोळे मिटावेत, एवढाच तिला आधार होता.

"मग सकाळी तुम्ही काय खाता?" तिने विचारले.

"मिळतं कॅफेटेरियात काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

"परोटा," दत्तप्रसाद म्हणाले.

शोभनाचा आवाज चढला. आपण पिठात साखरेचा कण पडू देत नाही आणि आपला नवरा तुपातला परोटा खाऊन रिफायनरीच्या टॉवरवर चढतो, हे तिने त्यांना निरनिराळ्या शब्दांत ऐकवले. दत्तप्रसादांनी शांतपणे खुलासा केला. खोलीचा रिवाजच असा होता की घरून आलेला डबा सतरंजीच्या मधोमध उघडायचा. एकाने आपला डबा बाजूला ठेवला की बाकीचे कारण विचारणार, आणि कारण एकदा खोलीबाहेर गेले की सेफ्टी ऑफिसात पोचणार. स्टेंटची गोष्ट त्यांनी कंपनीपासून लपवली होती. आईच्या आजाराची सबब सांगून रजा वाढवली होती.

"छातीत स्प्रिंग असलेल्या माणसाला हे लोक खुर्ची देत नाहीत, शोभा. परतीचं तिकीट देतात. खलास. वैभवीची बारावी होईस्तोवर तरी दम धर."

"तिच्या बारावीपर्यंत तुम्ही पुराल का?"

आतल्या खोलीतून त्यांची मुलगी वैभवी ओरडली, "कॅन यू गाइज प्लीज स्टॉप?"

शोभनाने आवाज खाली आणला. त्याने राग उतरला नाही, उलट अधिक घट्ट झाला. आता कुबराचा फोन येईल तेव्हा मी तिला खरे काय ते सांगणार, असे तिने दात आवळून बजावले. दत्तप्रसादांचा चेहरा पांढरा पडला. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरही हा माणूस इतका भ्याला नव्हता. नोकरीसाठी भीती आहे आणि जिवासाठी नाही, हे पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात फोन वाजला. पहिला पॅनकेक तव्यावर पडला होता आणि हात पिठाने भरले होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. कुबराने कृती विचारली. शोभनाने सांगितली.

"साखर चिमूटभरही नाही?" कुबराला नवल वाटले. "असं पथ्याचं कुणासाठी, वहिनी? घरात कुणाला काही आहे का?"

दत्तप्रसाद खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मला आहे," शोभना म्हणाली. "हृदयाचं."

मग शोभनाने एका सुरात पुढचे सांगितले. तिने देवाला नवस बोलला होता. ती बरी होईपर्यंत जे ती खाईल तेच नवऱ्याने खायचे, आणि त्या डब्यातला घास दुसऱ्या कोणाच्याही तोंडी जाऊ द्यायचा नाही. तिचा नवरा पडला भिडस्त. मित्रांना सांगू शकला नाही.

कुबरा फार कळवळली. मन्नतीचे अन्न आपली माणसे नकळत खात होती, याचे तिला वाईट वाटले. झुबेरच्या कानावर आत्ताच घालते, आजपासून त्या डब्याला कोणी बोट लावणार नाही, असा तिने शब्द दिला. फोन ठेवण्यापूर्वी ती म्हणाली,

"दर नमाजाला तुमच्यासाठी दुवा मागेन, वहिनी. अल्ला तुमच्या हृदयाला आराम देवो."

फोन बंद झाला. दत्तप्रसाद स्वयंपाकघराच्या दाराशी आले. त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे ओझे उतरले होते, आणि तो मोकळा झालेला चेहरा शोभनाला सहन होईना.

"तुझं डोकं म्हणजे..." ते कौतुकाने म्हणू लागले.

"बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली आणि तव्यावरचा पॅनकेक तिने त्यांच्या ताटलीत आपटला. "तुमच्या हृदयासाठी कुणी दुवा मागायची, तर तीही आज माझ्या नावावर गेली."